बाप्तिस्म्यानंतरचं स्वयंपाकघर

वडोदऱ्याच्या पश्चिमेचं गोत्री हे एके काळी शहराबाहेरचं खेडं होतं. आता गोत्री रोडच्या दोन्ही अंगांना सोसायट्या, दुकानं, क्लासच्या पाट्या आणि एक मोठं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. गोत्रीहून पूर्वेकडे निघून रेल्वेचे रूळ ओलांडले की थोड्याच वेळात विश्वामित्रीच्या काठची कमाटीबाग, म्हणजे सयाजीबाग लागते. सयाजीराव गायकवाडांच्या काळात, १८७९ साली ही बाग लोकांसाठी खुली झाली. १९१७ साली याच बागेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या गाडीची वाट पाहत चार-पाच तास बसून होते.

गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून ते बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले होते. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळच्या आत जागा सोडायला सांगून गेले. प्रसंगाचा एवढा भाग मराठी वाचकाला बहुधा ठाऊक असतो. त्यानंतर काय झालं, तिकडे मात्र फारसं कोणाचं लक्ष जात नाही. बाबासाहेबांनी दोन मित्रांची दारं ठोठावली. एक मित्र हिंदू होता, दुसरा भारतीय ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुला घरात घेतलं तर नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने पूर्वी एकदा आपणहून राहायला बोलावलं होतं. या वेळी तो म्हणाला, बायको उद्या परगावाहून येतेय, तिला विचारून सांगतो. हे नकाराचं मुत्सद्दी रूप होतं, हे बाबासाहेबांना नंतर कळलं. नवरा-बायको दोघेही मूळचे ब्राह्मण. धर्मांतरानंतर नवरा विचारांनी उदार झाला होता, बायको मात्र आचारात पूर्वीइतकीच सोवळी राहिली होती. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी हे सगळं कोरड्या तटस्थपणे सांगितलंय.

ते घर ख्रिस्ती होतं यात शंका नाही. चर्चच्या वहीत नाव असणार, रविवारी उपासनेला जाणं होत असणार. पण पाण्याचा तांब्या कोणाच्या हाती द्यायचा हे त्या घरात जुनाच नियम ठरवत होता. ख्रिस्ती म्हणून ओळख मिळणं आणि त्या श्रद्धेत प्रौढ होणं यांत किती अंतर असतं, ते या एका नकारावरून मोजता येतं.

ख्रिस्ती परंपरेला हे अंतर पहिल्या शतकापासून माहीत आहे. बाप्तिस्मा ही एकदाच होणारी गोष्ट. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने पाणी घेतलं की माणूस मंडळीचा झाला. पुन्हा पुन्हा ते घ्यायचं नसतं. पण प्रेषित पौलाच्या पत्रांत एक तक्रार सतत डोकावते: तुम्ही विश्वासात आलात खरे, पण अजून बाळंच आहात, दुधावरच आहात, जड अन्न पचत नाही. हे तो करिंथच्या मंडळीला लिहितो. त्यांच्यात गट पडले होते. कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा म्हणवत होता. म्हणजे बाळपण ज्ञानाच्या कमतरतेवरून नव्हे, एकमेकांशी वागण्यावरून ओळखायचं.

नव्या करारातला सगळ्यात बोचरा प्रसंग तर थेट पंगतीचाच आहे. अंत्युखिया शहरात पेत्र परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत असे. पुढे यरुशलेमहून याकोबाकडची माणसं आली आणि पेत्र हळूच त्या पंगतीतून उठू लागला. त्याचं पाहून बर्णबाही उठला. पौलाने पेत्राला सर्वांसमोर खडसावलं, आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ते नोंदवूनही ठेवलं. म्हणजे ज्याला येशूने ‘खडक’ म्हटलं, तोही चार पाहुणे आल्यावर डळमळला. बडोद्याच्या त्या मित्राला हा अध्याय माहीत असणार, आणि नेमका म्हणूनच तो त्याला टोचला असणार.

प्रौढ होण्यासाठी चर्चच्या निरनिराळ्या शाखांनी आपापल्या रीती बसवल्या. रोमन कॅथलिक, अँग्लिकन आणि मेथडिस्ट मंडळ्यांत बालपणीच्या बाप्तिस्म्यानंतर मोठं झाल्यावर दृढीकरणाचा विधी असतो: आईबापांनी जे नाव दिलं, ते आता स्वतः समजून घ्यायचं. इग्नेशियस लोयोलाने आपल्या जेझुइट सोबत्यांना रोज थांबून दिवसाची झडती घ्यायला शिकवलं. देव आज कुठे भेटला आणि आपण कुठे निसटलो, एवढंच पाहायचं. याच जेझुइटांनी पुढे चरोतरात, आणंदच्या आसपास, गुजराती बोलत शाळा आणि धर्मग्राम उभे केले. इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीच्या मेथडिस्टांनी १७४२ साली ब्रिस्टलमध्ये सुमारे बारा जणांचे छोटे वर्ग सुरू केले. मुळात ते एका सभागृहाचं कर्ज फेडण्यासाठी दर आठवड्याला पेनी गोळा करायला होते, पण पैसे मागायला घरोघर गेल्यावर कळायचं की अमका दारू पितो, तमका बायकोला मारतो. मग वर्गात दर आठवड्याला जिवाची खुशाली विचारायची पद्धत पडली. अध्यात्माचा उगम कर्जफेडीत झाल्याचं हे उदाहरण धर्माच्या इतिहासात विरळाच असेल.

या रीती मराठी मुलखात आल्या तेव्हा मात्र त्यांच्यापुढे एक वेगळीच अडचण उभी राहिली. इथे धर्म बदलणं म्हणजे आधी घर सुटणं. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री परळीकर ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला म्हणून कोर्टकचेरी झाली, आणि त्याला जातीत परत घ्यावं की नाही यावर मुंबईच्या ब्राह्मणवर्गात रण माजलं. बाळशास्त्री जांभेकर श्रीपतच्या बाजूने उभे राहिले. १८५०च्या कायद्याने धर्मांतर केलेल्याचा वारसाहक्क वाचवला, आणि १८६६च्या कायद्याने, जोडीदार नांदायला तयार नसेल तर ख्रिस्ती झालेल्याला कोर्टातून विवाह मोडून घेण्याची वाट दिली. कायद्याला हे प्रश्न सोडवावे लागले, यावरूनच ते किती घरांत पेटले असतील हे कळतं.

ही दुसरी वाट नारायण वामन टिळकांना मोकळी होती. ती त्यांनी घेतली नाही.

टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मले. कवी, संस्कृतज्ञ, आणि स्वभावाने एका जागी न टिकणारे. १८९३च्या सुमारास राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या मिशनऱ्याशी गाठ पडली. त्याने नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनच्या देवळात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो गोऱ्या पाद्र्याकडून नको, भारतीय पाळकाकडून हवा असा त्यांचा आग्रह होता, म्हणून रेव्हरंड तुकाराम नथोजींनी तो दिला. नाव नारायण वामनच राहिलं, वेषही मराठीच. बायकोला, लक्ष्मीबाईंना, मात्र त्यांनी आधी काहीच सांगितलं नव्हतं.

लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त पुढची हकीकत आहे, आणि आध्यात्मिक प्रौढता म्हणजे काय हे समजून घ्यायला मराठीत याहून चांगलं पुस्तक नसावं. गंमत अशी की बाई तत्त्वज्ञान सांगायला कधी बसतच नाहीत. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या कोसळल्या. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन काही वर्षं नातेवाइकांकडे काढली. पुढे टिळकांकडे अहमदनगरला आल्या, तेव्हाही स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं कडक. टिळकांनी त्यासाठी लागेल ती सोय करून दिली. नवरा ख्रिस्ती, बायको ब्राह्मण, आणि घर एकच: त्या काळच्या नगरात शेजाऱ्यांना यावर बोलायला कमी विषय मिळाले नसणार.

मग लक्ष्मीबाईंच्या मनात एक साधा प्रश्न अडकून राहिला. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर माणसांच्या अंगावर तशा खुणा असत्या. पशुपक्ष्यांच्या जाती पाहताक्षणी ओळखू येतात, माणसांच्या ओळखू येत नाहीत. विचार करता करता उत्तर सापडलं, आणि सापडल्याबरोबर त्यांनी कोणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. तोवर त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तो १९०० साली झाला. म्हणजे क्रम उलटा लागला: आधी स्वयंपाकघर मोकळं झालं, चर्चच्या वहीत नाव नंतर चढलं. बडोद्यातल्या त्या घरात नाव चढून गेलं आणि स्वयंपाकघर मागेच राहिलं. दोन्ही घरं मूळची ब्राह्मण, दोन्ही ख्रिस्ती. मग फरक कशाने पडला? एक कारण बहुधा असं: लक्ष्मीबाईंना कोणी घाई केली नाही. नवऱ्याने सोवळ्याची थट्टा केली असेल, पण ते ओढून काढलं नाही. जे सुटलं ते त्यांच्या स्वतःच्या प्रश्नाने सुटलं, म्हणून पुन्हा परत आलं नाही. बडोद्याच्या बाईंची बाजू कोणी लिहून ठेवलेली नाही. कदाचित नवऱ्याचा धर्म त्यांच्या अंगावर नुसताच येऊन पडला असेल. त्यांना दोष देण्याआधी हे ध्यानात ठेवायला हवं.

पंडिता रमाबाईंची वाट वेगळी. त्या १८५८ साली जन्मल्या. संस्कृतवरच्या प्रभुत्वासाठी कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना गौरवलं. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे, धर्मभगिनींच्या आश्रमात त्यांनी लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची त्यांची पत्रं वाचली तर लगेच कळतं की या बाईने धर्म बदलला, डोकं गहाण ठेवलं नाही. त्या शाकाहारीच राहिल्या, आणि हा शाकाहार अहंकाराचं लक्षण आहे की काय, यावर भगिनींशी वाद झाला. आश्रमातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंचं म्हणणं, माझ्या देशातल्या लोकांना जी भाषा कळत नाही ती मी अंगावर का वागवू, क्रुसावर संस्कृत का नको? त्र्यैक्याचा सिद्धांत, बिशपांचा अधिकार, बाप्तिस्म्याचा अर्थ, यांपैकी एकही गोष्ट त्यांनी न तपासता घेतली नाही. आश्रमातल्या सिस्टर जेराल्डिन यांना हा उद्धटपणा वाटला. आज वाचताना तो प्रामाणिकपणा वाटतो, आणि थोडा उद्धटपणाही.

रमाबाईंनी स्वतःच्या साक्षीत पुढे कबूल केलं की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याकडे ख्रिस्ताचा धर्म होता, ख्रिस्त नव्हता. तो अनुभव १८९१ साली आला, असं त्या सांगतात. मधली आठ वर्षं काही वाया गेली नव्हती. त्यांनी अमेरिका पालथी घातली, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, विधवा मुलींना शिकवलं. सदन पुढे पुण्यात गेलं. तिथे ब्राह्मण मुलींना आपले आचार पाळण्याची मोकळीक होती. पण रमाबाईंच्या खोलीत चालणाऱ्या प्रार्थनेला काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या, आणि १८९३ साली पुण्यात वादळ उठलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पुष्कळ पालकांनी मुली काढून घेतल्या. या वादात कोण बरोबर, हा प्रश्न अजून निकाली निघालेला नाही. पालकांना दिलेलं तटस्थतेचं वचन आणि स्वतःची उघडी श्रद्धा या दोन्ही गोष्टी एकाच घरात सांभाळणं सोपं नव्हतं, एवढं मात्र मानायला हवं.

गुजरातशी रमाबाईंचा संबंध जुळला तो छप्पनियाच्या दुष्काळात. संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. गुजरातेत गुरं मेली, गावं ओस पडली. रमाबाईंनी तिथून मुली आणि स्त्रिया केडगावच्या आपल्या मुक्ती सदनात आणल्या, हजाराहून अधिक. दुष्काळाने होरपळलेल्या, गुजराती बोलणाऱ्या, नाना जातींच्या. मुक्तीतल्या रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जणींना जेवू घालताना जातवार चुली मांडणं शक्यही नव्हतं आणि रमाबाईंना ते मान्यही नव्हतं. शेती, विणकाम, छपाई, दुग्धशाळा, सगळं तिथल्या बायकाच चालवत. १९०५ साली तिथे जे मोठं धार्मिक जागरण झालं, त्यात रडणं, मोठ्याने प्रार्थना, पापांची कबुली असं सगळं होतं. जगभरच्या ख्रिस्ती वर्तुळांत त्याची चर्चा झाली. रमाबाईंना मात्र त्यात भावनेच्या उमाळ्याइतकंच दुसऱ्या दिवशीचं काम महत्त्वाचं वाटत असावं, कारण त्याच वर्षांत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या होत्या. ते कमी शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून भाषा सोपी ठेवली, आणि हिंदू दर्शनांतले शब्द शक्य तितके टाळले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. मुक्तीच्याच छापखान्यात बायकांनी जुळवलेलं ते संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं.

शब्दांच्या बाबतीत टिळकांनी नेमकं याच्या उलट केलं. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. म्हणून त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग, ओवी आणि कीर्तन हातात घेतलं. मराठी चर्चच्या ‘उपासना संगीता’त आजही त्यांची गीतं गायली जातात. एकीला जुने शब्द नकोत, कारण त्यांच्याबरोबर जुने अर्थ येतात. दुसऱ्याला ते हवेत, कारण त्यांच्याबरोबर जुनी ओढ येते. मराठी ख्रिस्ती माणसाची ओळख या दोन टोकांमध्ये घडत गेली, आणि दोन्ही टोकांना एक गोष्ट समान होती: परदेशी साच्यात स्वतःला ओतून घ्यायला दोघांनीही नकार दिला.

इथे एक टोचणारी गोष्ट सांगायला हवी. टिळक, रमाबाई यांसारखी नावं ग्रंथांत येतात, कारण ती लिहिणारी माणसं होती. पण अहमदनगर-जालन्याकडे ख्रिस्ती झालेली बहुसंख्य कुटुंबं महार आणि मांग समाजातली होती, आणि गुजरातेत चरोतरातले बहुसंख्य ख्रिस्ती वणकर समाजातून आले. त्यांच्यापुढे ब्राह्मणी सोवळं सोडण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना गावच्या विहिरीवर जायचं होतं. बाप्तिस्म्याने शाळा मिळाली, दवाखाना मिळाला, देवाचं लेकरू म्हणवून घेण्याचा मान मिळाला. विहीर क्वचितच मिळाली. १९३८च्या जानेवारीत सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढे बोलताना बाबासाहेबांनी यावरच बोट ठेवलं. येशूच्या शिकवणीबद्दल त्यांना आदर होता, पण शिकलेला ख्रिस्ती समाज आपल्याच भाऊबंदांवरच्या अन्यायाविरुद्ध उभा राहत नाही, हे त्यांनी स्पष्ट सुनावलं. पुढे १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. २०२२ साली या प्रश्नासाठी माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. म्हणून आज दलित ख्रिस्ती कुटुंबात ‘मी कोण’ हा प्रश्न प्रार्थनेत जितका येतो, तितकाच दाखल्याच्या अर्जातही येतो. गुजरातेत तर २००३च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यानुसार धर्मांतराचा विधी करणाऱ्याला आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. बाप्तिस्म्याचं पाणी कलेक्टर कचेरीच्या टेबलावरून पुढे सरकतं.

टिळक आयुष्याच्या अखेरीस या सगळ्या कुंपणांना कंटाळले होते. कुंपणं फक्त हिंदूंची नव्हती, मिशनचीही होती. पगार देणारा गोरा मिशनरी आणि पगार घेणारा देशी प्रचारक या नात्यात ख्रिस्त कुठे बसतो, हे त्यांना कळेना. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहायला लागले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. दरबाराचं दार बाप्तिस्मा घेतलेल्यांना उघडं होतं आणि न घेतलेल्यांनाही. येशूच्या मागे चालण्याची इच्छा पुरे. मिशनच्या मंडळींना हे कितपत रुचलं असेल, याचा अंदाज करता येतो. पण त्यामागे बावीस वर्षांचा हिशेब होता. बाप्तिस्मा घेऊनही पंगतीत न बसणारे ख्रिस्ती त्यांनी पाहिले होते, आणि बाप्तिस्म्याआधीच सोवळं सोडून दिलेली बायको तर त्यांच्या स्वतःच्याच घरात होती.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. दरबाराला जेमतेम दोन वर्षं मिळाली. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांनी हाती घेतलेलं येशूचरित्राचं महाकाव्य मोजक्याच अध्यायांवर थांबलं होतं. पुढचे कितीतरी अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, शाळेचं तोंड न पाहिलेल्या आणि लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं गिरवलेल्या बाईने. तो ग्रंथ छापून आला १९३८ साली, त्या वारल्यानंतर दोन वर्षांनी.